थंडी अंगात मुरवायची

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. थंडीत पहाटे डोंगरावरून असा वारा उतरतो की गोठ्यातली गुरंसुद्धा एकमेकांना चिकटून उभी राहतात. त्याच वाऱ्यात काकांनी आम्हा दोघींना पोलीस भरतीसाठी पळवलं. ताई ही काकांचीच मुलगी, माझ्याहून थोडी मोठी आणि पळण्यात माझ्या कितीतरी पुढे.

काका तरुणपणी सैन्याच्या भरतीला गेले होते आणि छाती कमी भरली म्हणून परत आले होते. मग जन्मभर मुंबईत वॉचमनकी केली. त्या न भरलेल्या छातीचा राग त्यांनी आमच्यावर काढला, असं माझं स्पष्ट मत आहे. ताईला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "लागलीस तर वर्दी, नायतर मे महिन्यात हळद."

दारातच ते आमचे स्वेटर काढून घ्यायचे. "थंडी अंगात मुरवायची. ग्राउंडवर काय तुमची आई गोधडी घेऊन उभी रावणार हाय?" आधी जरा हातपाय हलवून अंग गरम करू का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुझी आजी रानात जाताना कवायत करून जायची काय गो?"

स्वतः मात्र जॅकेट, कानटोपी, वर मफलर अशा थाटात स्कूटरवरून आमच्या मागे. पाय जरा मंदावला की हॉर्न. उंटावरून शेळ्या हाकणं लोक नुसतं बोलतात, मी ती शेळी होऊन घाट चढले आहे.

गार हवा छातीत गेली की ताईला धाप लागायची, श्वासाला शिट्टी वाजायची. शेवटी काकूने हट्ट धरला म्हणून काका तिला पोलादपूरला डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही सोबत होते. डॉक्टरांनी नीट समजावलं. पळायला हरकत नाही, पण ऊन वर आल्यावर पळ. आधी घरातच अंग गरम करून घे. नाकातोंडावर ओढणी बांध, घामाने भिजलेले कपडे अंगावर ठेवू नकोस, आणि शिट्टी वाजायला लागली की थांब. काका मान डोलावत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "डॉक्टरचं ऐकून कोण पोलीस झालाय?"

दुसऱ्या दिवशी ताईने ओढणी बांधली. काकांनी स्कूटर तिच्या बाजूला आणली आणि चालत्या गाडीवरून ती ओढून काढली. "नवरी हायस काय तोंड झाकायला?" ताई हसली. तिला ती वर्दी इतकी हवी होती की बापाच्या असल्या विनोदालाही ती हसायची. मला तेव्हा काकांचा जितका राग आला, तितकाच तिच्या हसण्याचा आला.

ऐन थंडीत तिला न्यूमोनिया झाला. महाडच्या दवाखान्यातून घरी येऊन अंगात जरा ताकद येतेय न येतेय तोच भरतीचं ग्राउंड आलं. ती पळाली. अर्ध्यावर खोकत खाली बसली. कुंपणाबाहेर काका आणि माझे वडील उभे होते. "ती बसली ती तुमची का?" असं कुणीतरी काकांना विचारलं. काका म्हणाले, "नाय, नाय. ती पुढं पळते ती आमची." पुढे मी होते. हे वडिलांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही मान खाली घालून.

मी लागले. काकांनी वाडीभर पेढे वाटले, माझ्या हाताखालची पोर म्हणून. मे महिन्यात ताईची हळद झाली. धाप लागते हे सासरी सांगायचं नाही, अशी तिला तंबी होती.

गेल्या वर्षी काकांना हृदयविकाराचा झटका आला. आता डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे, पण थंडीत जपून. त्यांनी ते सगळं आरतीसारखं पाठ केलंय आणि येईल त्याला ऐकवतात. उन्हं आल्याशिवाय बाहेर पडायचं नाय, कान झाकायचे, छातीला वारा लागू द्यायचा नाय.

या जानेवारीत मी रजेवर घरी होते, ताईही माहेरी आली होती. उजाडायच्या आधीच तिने काकांना उठवलं. "चला आबा, फिरून येऊ." ते अर्धवट झोपेतच अंगणात आले, नुसत्या सदऱ्यावर. थंडीने त्यांची हनुवटी लटलटत होती. मी आतून त्यांचा स्वेटर घेऊन धावले. ताईने तो माझ्या हातातून घेतला, शांतपणे स्वतःच्या अंगात घातला आणि ओढणी नाकावरून बांधली.

"मला दे गो तो," काका म्हणाले. "डॉक्टरनी सांगितलंय."

"मला पण सांगितलं होतं, आबा."

मला वाटलं, काका आता खाली बघतील, निदान गप्प तरी बसतील.

"कधी गो?" त्यांनी विचारलं.

ते सोंग करत नव्हते. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. ताईने स्वेटरचं गळ्याजवळचं बटण लावलं आणि घाटाच्या दिशेने चालायला लागली.