मामाची कोपराने उघडणारी कडी

आमचा मामा सुतार. दोन्ही हात भरलेले असले तरी कोपराने उघडेल, अशी दाराची कडी त्याने शोधून काढली. आता पेटंट हवं होतं. पेटंट मिळालं की ती दुसऱ्या कोणाला बनवता येणार नाही, म्हणून कडीचं चित्र त्याने मामीलाही दाखवलं नव्हतं.

मामीला घेऊन तो वकीलबाईंच्या ऑफिसात गेला. चित्राची घडी उघडताना त्यांनी विचारलं, "ही कडी आधी कोणी पाहिलीय?"

"छे! या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही."

तेवढ्यात ऑफिसातल्या ताई चहाचा ट्रे घेऊन, कोपराने कडी दाबून आत आल्या. वकीलबाई एकदा चित्राकडे, एकदा दाराकडे बघत राहिल्या.

"ही कोणी बसवली?"

"मीच, मागच्या वर्षी. ताईंचे हाल बघवेनात हो."

"आणखी कुठे?"

"अख्ख्या गल्लीत," मामी म्हणाली. "यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!"

"अहो, अर्जाआधीच लोक उघड वापरत असतील, तर कायदा तिला नवी मानत नाही. पेटंट गेलं. पण कडीला छानसं नाव द्या आणि ते नोंदवा. ते तरी तुमचं राहील."

मामा खुलला. "नाव मात्र कोणालाही सांगणार नाही!"

आणि दाराबाहेर पडताच त्याने ताईंना गाठलं. "ताई, 'कोपरराणी' कसं वाटतं?"