बोगनव्हिलचं मतदान आणि निखिलचे दोन हात

"निखिलची बायको गोड आहे रे, पण तिला माणसांत धरायचं की फर्निचरमध्ये, तेच कळत नाही," समीर हॉलमध्ये म्हणाला. मी आत चहा गाळत होते. गप्प बसणाऱ्याकडे किस्से असेच साठतात. त्याला कान असतात हेच लोक विसरतात.

इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला, आमच्याकडे दर शनिवारी निखिलचा मित्र समीर आणि केदार-ऋचा हे जोडपं जमतं. पुढचा बेत हात वर करून ठरतो. मी किचनमध्ये असते, म्हणून निखिल दोन्ही हात वर करतो. "डावा माझा, उजवा हिचा." लग्नाला चार महिने झाले. माझा हात अजून एकदाही त्याच्या विरोधात गेलेला नाही.

*

पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझ्या शेजारी ग्रेस बसते. ती बोगनव्हिल बेटावरची. पापुआ न्यू गिनीपासून वेगळं व्हायचं का, यावर तिकडे मतदान झालं. आमच्याकडे दिवसभर रिझल्टच येतात, पण निकालाच्या दिवशी सगळी लॅब एकाच रिझल्टची वाट बघत होती. जवळजवळ सगळ्यांनी स्वातंत्र्य मागितलं होतं! ग्रेस रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजसमोर गोल गोल नाचायला लागली.

"ग्रेस, सॅम्पल्स," बॉस म्हणाला.

"तीपण फिरतायत, मीपण फिरते."

*

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर शार्क, तिसऱ्यावर तो शार्क बघणारा माणूस. बोगनव्हिल पार आतल्या पानावर, गाद्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली. ग्रेसने सहा कॉप्या घेतल्या. "बाबांना कात्रण पाठवणार, गादीसकट. त्यांना वाटेल, सेल आमच्यासाठीच लावलाय."

*

मग ग्रेसला एका रेडिओवाल्याचा फोन. "आता तिकडे गडबड होईल, असं वाटतं?"

"तिकडचं माहीत नाही," ग्रेस म्हणाली. "शनिवारी दुपारी माझ्या अंगणात नक्की होईल. पार्टी आहे, आम्ही डुक्कर भाजतोय."

ते काही रेडिओवर लागलं नाही.

*

बॉसला मात्र राहवेना. "पण अजून सरकारांची बोलणी बाकी आहेत. स्वातंत्र्य मिळालं कुठे? मग पार्टी कसली?"

"आम्हाला विचारलं ना कुणीतरी," ग्रेस म्हणाली. "त्याची."

मग माझ्याकडे वळून, "तू ये. सगळ्यांना घेऊन ये. आणि नवऱ्याला विचारून सांगते, असं म्हणू नकोस."

*

शनिवारी समीरने सभा भरवली. "ग्रेसची पार्टी की घरी मॅच? मॅचवाले, हात वर."

समीरचा वर. केदारचा वर. निखिलचे दोन्ही. ऋचा एकटी हाताची घडी घालून बसलेली.

"चार विरुद्ध एक," समीर म्हणाला. "टीव्ही लाव."

मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

"निखिल, उजवा हात खाली घे," मी म्हणाले. "तो ग्रेसकडे चाललाय."