शालनताईची अर्धवट रोपं

दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करत होते. "मॅडम, आपली आक्का गेली वो..." एवढं बोलून ते रडायला लागले. मी "हो" म्हटलं आणि आत गेले. मला रडू आलं नाही. माझ्या लेखी शालनताई उन्हाळ्यातच गेली होती, मेंदूत रक्तस्राव झाला त्याच दिवशी. दिवाळीनंतर गेलं ते तिच्या या धाकट्या भावाने, दत्ताभाऊंनी, धरून ठेवलेलं शरीर. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण गोडगोड लिहिलेलं तिला मुळीच सहन होत नसे.

ती चऱ्होलीची. वडिलांच्या शेतावर फ्लॅटचे टॉवर उभे राहिले आणि अख्ख्या घरात झाडांशी संबंध उरला तो तिचाच, बियाण्याच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेपुरता. मी लातूरहून तिच्या हाताखाली नवीन आले तेव्हा रोप उपटताना माझा हात थरथरला. "थरथर थांबव, नाहीतर घरी जा," ती म्हणाली. तोंडाची फटकळ होती, आणि मऊ बोलायची वेळ आली तरी ती तसं बोलत नसे. मी तिच्यावर जीव टाकायचे.

आमचं काम ऐकायला अवघड, करायला क्रूर. पेशीत आरएनएच्या लांब धाग्यांवर मेथिलची एक बारीक रासायनिक खूण चढते. ती खूण असली तर त्यातल्या काही धाग्यांतून मायक्रोआरएनएचे तुकडे नीट कातले जातात आणि हे तुकडे जनुकांना आवरतात. खूण नसली तर धागे न कातता साचत राहतात, मायक्रोआरएनए कमी पडतो आणि झाडाची वाढ बिघडते. हे तपासायचं तर खूण चढवणारं जनुक बंद करायला हवं. पण ते पुरतं बंद केलं की रोप बीमध्येच मरतं. म्हणून ते बीपुरतं चालू ठेवायचं, रोपाचा जन्म होऊ द्यायचा आणि मग ते जनुक बंद पाडायचं. मोहरीच्या कुळातली ती इवलीशी रोपं खुरटी, आखडलेल्या पानांची व्हायची. ना धड जगायची, ना मरायची.

गावच्या जत्रेत तिच्या घरी मटणाच्या पंगतीत तिने हे सगळं सांगितलं तेव्हा दत्ताभाऊंचा घास हातातच राहिला. "मंग आक्का, आसल्यास्नी जगवायचंच कशाला?"

"विचारायचं असतंय कायतरी, म्हणून. उत्तर घावलं की एक दीस बी ठेवत न्हाई." आणि वाटी पुढे करत म्हणाली, "दत्त्या, माझं कवा आसं झालं तर मला लटकवून ठेवू नको."

"खुळी हायेस," म्हणत त्यांनी रस्सा वाढला.

रक्तस्रावानंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता ती परत शुद्धीवर येणार नाही. मी दत्ताभाऊंना जत्रेतल्या बोलण्याची आठवण करून दिली. "श्वास चालू हाय न्हवं? मंग?" एवढंच त्यांचं उत्तर. गळ्याला भोक, नाकात नळी, पाठीला जखमा... पुढे तिला त्यांच्याच जमिनीवरच्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये आणलं. रोज सकाळी ते तिची वेणी घालायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला "बोला, आक्काला समजतं" म्हणायचे. मी एकदाच गेले. तिचे हात आतल्या बाजूला आखडले होते, अगदी त्या पानांसारखे. भावाची माया खोटी नव्हती आणि म्हणूनच तिला सुटका नव्हती. मला त्यांचा राग आला, अजूनही येतो.

तेराव्यानंतर ते कंपनीत आले. आक्काची झाडं बघायची म्हणाले. तिने जमवून ठेवलेल्या आणि मी नंतर पेरलेल्या बियांच्या शेवटच्या खेपेची मोजणी त्याच सकाळी संपली होती. खूण नसलेल्या रोपांत मायक्रोआरएनए कमी भरला होता, तिला वाटलं होतं तसाच. दिव्याखालच्या ट्रेजवळ दत्ताभाऊ वाकले आणि सगळ्यात खुरट्या रोपाला त्यांनी बोट लावलं.

"हे द्या मला, मॅडम. मी जगवतो."

तिचा चिमटा खणात होता, दांड्याला तिने गुंडाळलेल्या लाल दोऱ्यासकट. मी तो घेतला, त्यांच्या बोटाशेजारून रोप मुळासकट उपटलं आणि काम संपलेली रोपं वाफेवर मारायला ज्या पिशवीत भरतात, तीत टाकलं. दत्ताभाऊ मातीतल्या त्या भोकाकडे बघत राहिले.

"येवढंच व्हतं व्हय?"

"एवढंच होतं, भाऊ."

ते दाराशी जाऊन रडत उभे राहिले. मी पुढच्या रोपाला चिमटा लावला. माझा हात थरथरत नव्हता.