उघड आणि मीट

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होतो. कारखान्यांसाठी कॉम्प्युटर बनवायचा आमचा प्रयत्न चालला होता. माझं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये. वडिलांनी गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत सांगून टाकलं, "मुलगा कर्नलकडे कामाला आहे." शेजारी मला फौजेतल्या बदल्यांबद्दल विचारू लागले. मी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. उलट जरा ताठ चालू लागलो.

आमच्या मशीनची एक अडचण होती. बोर्डावर मेमरी भरपूर, पण प्रोसेसरला एका वेळी तिचा थोडाच भाग दिसायचा. न दिसणाऱ्या भागातलं काही हवं असेल तर तो तुकडा तात्पुरता एका ठरावीक जागी आणायचा, काम उरकायचं आणि सोडून द्यायचा. त्या जागेला आम्ही 'खिडकी' म्हणायचो. ती उघडायचं एक आणि मिटायचं एक, अशी दोन फंक्शन्स, म्हणजे प्रोग्रामचे दोन छोटे तुकडे, आमच्या साहेबांनी मला लिहायला दिली. मी त्यांना नावं दिली 'उघड' आणि 'मीट'. कोडपेक्षा या नावांवरच माझा जास्त वेळ गेला.

डिस्कचा भाग लिहिणारी माझी सहकारी नाशिक रोडहून यायची. माझं कोड वाचून तिने विचारलं, "तुमची खिडकी उघडी असताना मधेच मला ती लागली तर?"

"लागेलच कशाला? ज्याने त्याने काम झालं की मिटायची."

"पण काम अर्धवट असेल तर?"

मी फळ्यावर आकृती काढून तिला शिस्त या विषयावर व्याख्यान दिलं. तिने ते पूर्ण ऐकलं आणि "बरं" म्हणाली. मला वाटलं, पटलं.

पुढे जवळच्या पंपाच्या कारखान्याचे मालक मशीन बघायला आले. मी मोठ्या थाटात त्यांना खुर्ची दिली. त्यांनी एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं, मी ते साठवलं आणि परत पडद्यावर आणलं. मालकांच्या नावाच्या जागी इंग्रजीत आलं, 'रबर वॉशर'.

मालकांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग म्हणाले, "लय हुशार हाय तुमचं मशीन. आमच्या घरातबी मला हीच किंमत हाय."

सगळे हसले. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. ते गेल्यावर मी आधी मेमरीच्या चिप्सना दोष दिला आणि सगळ्या बदलायला लावल्या. मग सिन्नरच्या विजेला दोष दिला. शेवटी मालकांनीच चुकीचं बटण दाबलं असणार, असंही म्हणून पाहिलं. साहेबांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

सहकारिणीने तोवर चार ओळींचा प्रोग्राम लिहून आणला होता. त्यात खिडकी एकदा उघडली की लगेच, ती न मिटता, तीच पुन्हा उघडायची. तिने तो चालवला. पडद्यावर पुन्हा वॉशर.

"नाव साठवताना मधेच माझं डिस्कचं काम सुरू होतं," ती म्हणाली. "मी त्याच खिडकीत डिस्कवरची नमुन्याची मालाची यादी आणते. तुम्ही परत येता तेव्हा मालकांचं नाव तिथे नसतं. तुम्ही माझी यादी वाचता."

आम्ही दोघांनी बसून रचना बदलली. 'उघड'ने आता आधी खिडकीत काय होतं ते लक्षात ठेवायचं आणि 'मीट'ने तेच परत आणून ठेवायचं. ज्याने शेवटी उघडली त्याने आधी मिटायची. एवढं साधं. फळ्यावरची माझी आकृती मी स्वतः पुसली.

मालक पुन्हा आले. या वेळी त्यांचं नाव नीट उमटलं. त्यांना ते थोडं बेचवच वाटलं असावं, पण मशीन त्यांनी घेतलं.

त्यानंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, शाबासकी.

"कर्नल आता त्या बघतील," ते म्हणाले. "तुम्ही समजावून फार छान सांगता हो. ग्राहकांसाठी माहितीपुस्तिका लिहा."

ही बढती आहे असं मी घरी सांगितलं. तेव्हापासून मी लिहितोच आहे.