कोकमाच्या नात्यातली कॅप्सूल

"काकू, यकृताला चांगलीच सूज आहे. आजच अ‍ॅडमिट व्हा," ठाण्यातले डॉक्टर रिपोर्ट वाचता वाचता म्हणाले. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

मी म्हटलं, "एकही नाही." हे सांगताना मला जरा अभिमानच वाटला. माझ्या वयाच्या मैत्रिणींच्या पर्समध्ये गोळ्यांच्या डब्या खुळखुळतात, माझ्या पर्समध्ये फक्त बडीशेप असते.

माझं बिलिरुबिन अकरा आलं होतं. बिलिरुबिन म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य. यकृत ते शरीराबाहेर टाकतं, आणि यकृतानेच हात टेकले की डोळे पिवळे होतात. हा आकडा साधारण एकच्या आसपास असावा लागतो. एसजीपीटी नावाचं एक एन्झाइम यकृताच्या पेशींमध्ये असतं. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. माझं हजाराच्या वर सांडलं होतं. एका पतपेढीत मी जन्मभर कॅशियरची नोकरी केली, आकड्यांना घाबरायची मला सवय नाही. त्या दिवशी मात्र घाबरले.

वजन उतरवायला सकाळ-संध्याकाळ काही ना काही घेणाऱ्या बायका माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. तुमच्याही असतील, कदाचित तुम्ही स्वतःच घेत असाल. म्हणून हे लिहायला बसले.

आमचे हे दोन वर्षांपूर्वी गेले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत नोकरी, निवृत्ती तोंडावर आलेली, आणि हृदयविकाराच्या एका झटक्यात सगळं संपलं. आम्हाला मूल नाही. घरात मी आणि कुकर असे दोघंच उरलो.

माझ्या हाताला दोघांचंच माप ठाऊक. तांदूळ दोघांचे पडायचे, कणीक दोघांची भिजायची. मी कोकणातली, अन्न टाकवत नाही. मग यांच्या वाटणीचंही मीच खायचे. खरं सांगायचं तर दोन्ही वाटण्या संपल्या की घरात कोणीतरी जेवून उठल्यासारखं वाटायचं. मला त्यांची आठवण दिवसभर येत नसे. ती नेमकी ताटावर बसलं की यायची, आणि मग मी आणखी वाढून घ्यायचे. बघणाऱ्यांना वाटत असणार, नवरा गेला आणि ही मात्र मजेत फुगतेय.

गुडघे कुरकुरू लागले, साखर बॉर्डरवर आली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, चाला, रात्रीचं कमी खा. सल्ला सोळा आणे खरा होता. मी चार दिवस चाललेही. पण चालून घरी आलं की दाराचं कुलूप आपणच उघडायचं, याचा मला कंटाळा यायचा.

आमच्या खालीच, तळमजल्यावर वैशाली राहते. तिने घरातच वजन कमी करायचा क्लब काढला होता. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात वजनकाटा, ओट्यावर मिक्सर. सकाळी आठला सगळे जमायचे. आधी गरम हर्बल चहा, मग व्हॅनिलाच्या वासाचा शेक. एकेकाने उभं राहून आपलं वजन किती उतरलं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्या दिवशी मला हे सगळं बालवाडीसारखं वाटलं. हसू दाबून बसले होते. तेवढ्यात वैशालीने वही उघडून विचारलं, "काकू, काल रात्री काय जेवलात?"

घरी आले आणि दार लावून रडले. हे गेल्यापासून मला असं कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर तिथे नुसतं साधं पाणी दिलं असतं तरी मी गेले असते. रात्रीही शेकच घेऊ लागले. स्वयंपाक नाही, ताट नाही, समोरची रिकामी जागा बघणं नाही. वजन भराभर उतरलं. दोन वेळचं जेवण बंद केल्यावर दुसरं काय होणार? पण टाळ्या माझ्या नावाने वाजत होत्या आणि मला ते फार आवडत होतं.

मग काटा अडला. आठवडे गेले तरी हलेना. टाळ्या दुसऱ्यांना मिळू लागल्या. वैशालीने एक बाटली काढली. चरबी वितळवणाऱ्या हर्बल कॅप्सूल. मी कां-कूं करत होते, तर म्हणाली, "काकू, हे कोकमाच्याच जातीचं फळ आहे. तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला मी काय सांगायचं?"

इथे मी फसले. आमच्याकडे पित्त उठलं की आमसुलाचं पाणी, अंगावर गांधी आल्या की आमसूल चोळायचं, मासे जेवले की सोलकढी. कोकमावर माझा सख्ख्या भावासारखा भरवसा. त्याच्या चुलतभावाने माझं वाईट का करावं? सोलकढीत चार आमसुलं असतात आणि कॅप्सूलमध्ये किती फळांचा अर्क आटवून भरलाय, सोबत आणखी काय काय आहे, हा विचार मला शिवलाही नाही. सकाळी दोन, रात्री दोन अशा मी घेत राहिले.

महिन्या-दीड महिन्यात थकवा आला. फोडणीच्या वासाने मळमळायचं. तळहात, तळपाय खाजायचे. लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. क्लबमध्ये सांगितलं तर सगळे म्हणाले, हे डिटॉक्स आहे, शरीरातली घाण बाहेर पडतेय. मी हात खाजवत होते आणि खूशही होते. ही लक्षणं कोणाला दिसली तर कृपा करून खूश होऊ नका. त्याच दिवशी रक्त तपासा.

माझी नणंद सुषमा ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहते. नवरात्राच्या आधी ती साडी द्यायला आली. आमचं नातं तसं बेताचंच. सणावाराला जाणं-येणं, एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं, इतपत. मी तिच्यासाठी चहा टाकायला उठले, तर तिने मला गॅलरीत उजेडाला ओढलं आणि म्हणाली, "वहिनी, डोळे बघ तुझे. हळद लावल्यासारखे झालेत." चहा राहिला. तिने टॅक्सी बोलावली आणि मला थेट ठाण्याला नेलं.

हॉस्पिटलात मग तपासण्यांची रांग लागली. हेपेटायटिस ए आणि ई, म्हणजे दूषित पाण्यातून, अन्नातून होणारी कावीळ, ती नव्हती. बी आणि सी, म्हणजे रक्तातून पसरणारी, तीही नव्हती. सोनोग्राफीत पित्ताशयाचा खडा नव्हता. दारू मी जन्मात घेतली नाही. ऑटोइम्यून म्हणजे शरीर स्वतःच्याच अवयवावर उलटतं तो प्रकार, त्याचाही रिपोर्ट स्वच्छ आला. रोज एक आजार रद्द व्हायचा आणि माझा पिवळेपणा तिथेच राहायचा. प्रत्येक डॉक्टर येऊन औषधांबद्दल विचारायचे, मी प्रत्येकाला नाही म्हणायचे. खोटं बोलत नव्हते. माझ्या लेखी ते औषध नव्हतंच, तो नाश्ता होता.

आता बायोप्सी करू, असं ठरत आलं होतं. बायोप्सी म्हणजे सुईने यकृताचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. त्याच दुपारी डाएटिशियन माझं पथ्य ठरवायला आल्या. त्यांनी औषधांचं नावही काढलं नाही. "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात जे जे जातं ते सांगा, पाणीसुद्धा," एवढंच म्हणाल्या.

जेवणाबद्दल कोणी विचारलं की मी खुलते, हे आता तुम्हाला कळलंच आहे. मी सगळं सांगितलं. चहा, शेक, टाळ्या, कॅप्सूल. त्यांचं पेन थांबलं. सुषमा त्याच संध्याकाळी डोंबिवलीला माझ्या घरी जाऊन बाटली घेऊन आली.

डॉक्टर बाटली घेऊन माझ्या कॉटशी बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "काकू, यकृताला लेबल वाचता येत नाही. औषध असो, काढा असो, पावडर असो, सगळं शेवटी त्याच्याच दारात येतं."

त्याला ड्रग इंड्यूस्ड लिव्हर इंज्युरी म्हणतात, म्हणजे घेतलेल्या पदार्थामुळे यकृताला झालेली इजा. त्यांनी हेही प्रामाणिकपणे सांगितलं की नेमकं कशाने झालं ते छातीठोक सांगता येत नाही, पण बाकीची कारणं गळाल्यावर बोट या कॅप्सूलकडेच जातं. त्यावर खास उतारा नाही. सगळं बंद करायचं आणि यकृत स्वतःहून सावरतंय का ते बघायचं. आयएनआर नावाची एक तपासणी असते, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते ती सांगते. माझा आयएनआर वाढत चालला होता. तो असाच चढला आणि मला ग्लानी येऊ लागली, तर मुंबईला हलवून यकृत बदलायचा विचार करावा लागेल, असं डॉक्टरांनी सुषमाला बाहेर नेऊन सांगितलं. तिने आत येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवी तिला जमत नाही.

सावरायचं तर खायला हवं होतं आणि मला घास गिळवत नव्हता. सकाळची इडली समोर गार व्हायची. मला घर आठवायचं, हे आठवायचे, आणि लाज वाटते सांगायला, वैशालीच्या खोलीतल्या त्या खुर्च्याही आठवायच्या. जिने मला इथवर आणलं त्याच जागेची ओढ लागली होती.

नवरात्र बसलं होतं. सुषमाचे नऊ दिवस कडक उपास, लग्न झाल्यापासून कधी चुकलेले नाहीत. वाऱ्याबरोबर नाक्यावरच्या देवीचे लाउडस्पीकर वॉर्डात ऐकू यायचे. तिसऱ्या माळेला तिने माझ्या ताटलीतली इडली मोडली, चटणीत बुडवली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

मी म्हटलं, "अगं, उपास आहे ना तुझा?"

"होता," ती म्हणाली. "देवीला मी समजावेन. तू आता दुसरा घास घे."

मी घेतला. मग तिने एक, मी एक. दोघींत मिळून तीन इडल्या संपल्या. मला आजवर बरीच पक्वान्नं खायला मिळाली आहेत, पण त्या वातड इडलीची चव अजून जिभेवर आहे. मला जगायचं होतं, हे मला त्या सकाळी कळलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयएनआर उतरला. बिलिरुबिन रांगत रांगत खाली आलं, पूर्ण नॉर्मल व्हायला तीन महिने लागले. खाज सगळ्यात शेवटी गेली.

हॉस्पिटलातून मी वैशालीला फोन केला होता. ती स्वतःही त्याच कॅप्सूल घेत होती, म्हणून सांगितलं, आधी तुझं यकृत तपास. दुसऱ्या दिवशी मला क्लबच्या ग्रुपमधून काढलेलं होतं. पुढे कळलं की तिने तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं, आणि कॅप्सूल विकणं तिने बंद केलं. शेक चालू आहे. मला तिचा रागही येतो आणि तिची आठवणही येते. सकाळी आठला खालून टाळ्या ऐकू येतात तेव्हा माझा हात आपोआप चपलांकडे जातो.

आयुर्वेद वाईट, झाडपाला वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही. सोलकढी आजही करते. सांगणं एवढंच आहे की डॉक्टरांनी औषधं विचारली की बाटल्या, पुड्या, डबे, सगळं पिशवीत भरून त्यांच्यापुढे ओता. औषध कशाला म्हणायचं ते त्यांना ठरवू द्या.

वजनाचं म्हणाल, तर जेवू लागल्यावर थोडं परत चढलं. डाएटिशियनबाईंनी त्याची पर्वा केली नाही. अर्धं ताट भाजी, एक वाटी डाळ किंवा माशाचा तुकडा, भात आणि पोळी दोन्ही पण मोजून, ताक, आणि संध्याकाळी चालणं. महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी सांगितलं की शक्यतो एकट्याने जेवू नका. मी म्हटलं, बाई, हे पथ्य कोणत्या दुकानात मिळतं?

ते ऐकून सुषमाने परस्पर ठरवून टाकलं. ती दुपारी घरी एकटीच असते. रोज एक वाजता व्हिडिओ कॉल लावते, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते. मी इकडे बरणीला टेकवते. "ताट दाखव," असं फर्मान सुटतं. भाजी कमी दिसली तर ओरडते. तिच्या आमटीला मी नावं ठेवते, माझ्या पोळ्यांना ती. नेट गेलं तर चेहरा गोठतो, पण तिचं बोलणं चालूच राहतं.

मला वाटायचं, हे सगळं ती माझ्यासाठी करते. उपकार मानायचे तरी किती, म्हणून एकदा म्हटलं, तुझी कामं असतील, रोज नाही लावलास फोन तरी चालेल, मी जेवेन.

ती घास हातात धरून थांबली. मग म्हणाली, "वहिनी, दादा रोज एक वाजता कंपनीतून फोन करायचा मला. डबा खाता खाता. बोलायचं काही नसायचं, भाजी काय आहे तेवढंच सांगायचा. तो गेल्यापासून दुपारी माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं."

मला हे माहीतच नव्हतं. तीस वर्षं मी त्यांचा डबा भरला. त्यांच्या दुपारच्या जेवणात आणखी कोणी असायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. त्यांची जागा फक्त माझ्या घरात रिकामी झाली, असं मी दोन वर्षं धरून चालले होते.

मी ताट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हटलं, "आज दुधीची भाजी आहे."

"बरी झालीय?" तिने विचारलं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी जेवू लागलो.