चार फुटांची रेघ

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिघं शहराबाहेरच्या एका पार्कात गेलो होतो. पाळणे, घसरगुंड्या, छोटी आगगाडी असं सगळं तिथं होतं. मुलीला मात्र सकाळपासून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे मोठं झुलतं जहाज. ते वर जायचं तेव्हा आतली माणसं ओरडायची आणि ही खाली उभी राहून त्यांच्याबरोबर ओरडायची.

जहाजाच्या दाराशी एक लाकडी अस्वल उभं केलेलं होतं. त्याचा एक हात आडवा पुढं आलेला आणि त्या हाताच्या खालच्या कडेवर लाल रेघ. रेघ चार फुटांवर होती. डोकं रेघेला लागलं तर आत जायचं, नाहीतर परत फिरायचं. आमची मुलगी त्या हाताखालून सहज निघून गेली. दारावरचा माणूस तिला म्हणाला, "बेटा, अजून थोडी मोठी हो, मग ये."

ती रडली नाही. तिनं माझं बोट धरलं, मला अस्वलापाशी नेलं आणि म्हणाली, "पप्पा, आता तुम्ही उभे राहा."

मी उभा राहिलो. माझी उंची चार फुटांना दीड इंच कमी आहे. अस्वलाचा हात आणि माझं डोकं यांच्यात तिची तीन बोटं मावली असती. ती मान वर करून तेवढ्या फटीकडं बघत राहिली आणि मग तिचा चेहरा एकदम खुलला.

"तुम्हाला पण नाय लागत," ती म्हणाली. "आपण दोघं पुढच्या वर्षी येऊ."

बायको बाजूलाच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मुलीला म्हणालो, "व्हय, पुढच्या वर्षी येऊ."

मी जन्मापासून असा आहे. धड चारचौघांसारखं, हातपाय आखूड. बिडकीनला आमच्या घरात माझ्याआधी असं कुणी नव्हतं. शाळेत जे व्हायचं ते झालं, त्याबद्दल मी फारसं बोलत नाही. बारावीनंतर शहरात आलो, मोबाईल दुरुस्ती शिकलो आणि क्रांती चौकाजवळ एका गल्लीत दुकान टाकलं. लहान हात त्या कामाला बरे पडतात. बायको चांगली सव्वापाच फूट उंच आहे. ती अंगणवाडी सेविका. पहिल्यांदा दुकानात आली ती फोनची काच बदलायला. लग्नाला तिच्या माहेरचे वर्षभर राजी नव्हते. नंतर झाले.

तिला दिवस गेले तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. मूल माझ्यासारखं होण्याची शक्यता निम्मी, नेहमीच्या उंचीचं होण्याची निम्मी. त्यांनी कागदावर दोन गोल काढले आणि मधे रेघ मारली. घरी येताना बायको म्हणाली, "जे होईल ते आपलं." मीही तेच म्हणालो. पण ते नऊ महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मुलगी जन्मली तेव्हा नर्सनं तिची लांबी मोजून आकडा सांगितला आणि मी तो तीनदा विचारून घेतला. तिसऱ्यांदा नर्स म्हणाली, "अहो दादा, अगदी ठीक आहे पोरगी."

अशी ती पोरगी. पार्कातून आल्यावर तिनं माझी उंची वाढवायचं मनावर घेतलं. सकाळी दुधाचे दोन पेले भरून घ्यायची, एक तिचा, एक माझा. माझा पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही. दाराच्या चौकटीला लोंबकळलं की उंची वाढते असं तिला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. मग बायकोनं तिला उचलायचं आणि मी खुर्चीवर चढून बाजूला लोंबकळायचं. आम्ही हसायचो. मला ते आवडत होतं, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या शरीराकडं आजवर कुणी असं आशेनं पाहिलं नव्हतं.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत मुलांची वजनं-उंच्या घ्यायचा दिवस असायचा. मुलं गेली की बायको त्याच भिंतीवरच्या पट्टीवर आमच्या मुलीची उंची घ्यायची. "आता पप्पांची," असा मुलीचा आग्रह. मी पट्टीला पाठ लावून उभा राहायचो. बायको आकडा वाचायची आणि म्हणायची, "तेवढीच."

"बघू पुढच्या महिन्यात," मुलगी म्हणायची.

बायको मला एकटं गाठून म्हणायची, "तिला सांगून टाका. मी सांगू का?"

"मीच सांगतो."

सांगितलं नाही. एक वर्ष पार्कात जाणं जमलं नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वर्षी मी चांभाराकडून जाड तळव्याचे बूट शिवून घेतले. बायकोला म्हणालो की दुकानाच्या पायऱ्या चढायला बरे पडतात. ते बूट घालून पहिल्यांदा घरी आलो तेव्हा मुलगी अभ्यास करत होती. तिनं वर पाहिलं आणि पुस्तक टाकून धावत आली.

"पप्पा, तुम्ही वाढले."

मी म्हणालो, "थोडासा." त्यानंतर घरातही मी जाड तळव्याच्या सपाता घालायला लागलो. ती साडेसात वर्षांची झाली होती आणि माझ्या बरोबरीला आली होती. खरं म्हणजे अनवाणी पाहिलं असतं तर माझ्या पुढं गेली होती. पट्टीपाशी उभं राहायचं मी कामाचं निमित्त करून टाळत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परत त्या पार्कात गेलो. अस्वलाला नवा रंग दिला होता. मुलीनं चप्पल काढली, टाचा टेकवून ताठ उभी राहिली आणि तिचे केस त्या रेघेला लागले. दारावर आता दुसरा माणूस होता, तरुण, गळ्यात शिट्टी. तो म्हणाला, "चला, आत."

ती आत गेली नाही. मागं वळून म्हणाली, "पप्पा, या."

माझ्यामागं दहा-बारा माणसं रांगेत होती. मी बुटांसकट पुढं जाऊन उभा राहिलो. डोकं रेघेला लागलं. खरंच लागलं, आणि क्षणभर मला असं वाटलं की निभावलं. मग तो तरुण हळू आवाजात म्हणाला, "काका, बूट काढावे लागतील. सगळ्यांचेच काढतो."

मी खाली बसून नाड्या सोडल्या. नाड्या सोडायला वेळ लागतो, बोटं आखूड आहेत. मी अनवाणी उभा राहिलो. त्या तरुणानं रेघेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही. "सीटपुढचा तो दांडा मांडीवर नीट बसत नाय, काका," तो म्हणाला. "वर गेल्यावर माणूस सटकू शकतो. म्हणून नियम आहे." त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं तर मुलीला सांगितलंही, की मम्मीबरोबर जा, पप्पा खालून फोटो काढतील.

मुलगी माझ्या बुटांकडं बघत होती. एक बूट आडवा पडला होता आणि त्याचा जाड तळवा दिसत होता. ती रांगेतून बाहेर आली आणि सरळ चालायला लागली. मी बूट हातात घेऊन तिच्या मागं गेलो.

पाण्याच्या नळांजवळ एक सिमेंटचा बाक होता, तिथं ती बसली. मी शेजारी बसलो. बायको थोडी लांब थांबली.

"मी आता वाढणार नाय बाळा," मी म्हणालो. "माझी वाढ कधीच थांबली. तुझ्या जन्माच्या आधी."

"दूध प्यायलं तरी?"

"तरी."

तिनं माझ्या हातातल्या बुटांकडं पाहिलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय."

"मम्मीला?"

"तिला पण."

"मग मला एकटीलाच नव्हतं माहीत," ती म्हणाली.

इतके दिवस तिला खुश ठेवायला मी ते लपवलं, असं म्हणालो असतो तर ते खरं नव्हतं. तिच्या डोळ्यांत मी अजून वाढणारा माणूस होतो आणि मला तसंच राहायचं होतं. सात वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं ते कळलं नाही. मी फक्त म्हणालो, "चुकलं माझं."

ती जहाजात बसली नाही. परतताना बायको स्कूटी चालवत होती, मधे मुलगी आणि मागं मी. एरवी ती माझ्या छातीवर रेलून झोपायची. त्या दिवशी मम्मीच्या पाठीला चिकटून बसली.

पुढचे काही महिने घरात वरवर सगळं नीट होतं. ती शाळेत जायची, माझ्याशी बोलायची. दूध मात्र तिनं सोडलं. नको वाटतं, म्हणायची. चालताना खांदे पाडून चालायची. शेजारणीनं बायकोला विचारलंही, की पोरीला पाठीचा त्रास आहे का. मग एकदा अंगणवाडीतल्या पट्टीवर तिची उंची तीन महिन्यांपूर्वीपेक्षा अर्धा इंच कमी भरली. बायको इतकी वर्षं मुलांची उंची मोजते. आजारी मुलाचं वजन उतरतं, उंची उतरत नाही. तिनं वाकून पाहिलं तर फ्रॉकखाली मुलीनं गुडघे वाकवले होते.

"सरळ उभी राहा," बायको म्हणाली.

"सरळच आहे."

"गुडघे बघ तुझे."

मुलगी पट्टीपासून बाजूला झाली आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. बायकोनं तिला काही विचारलं नाही. संध्याकाळी मला सांगितलं आणि म्हणाली, "या वेळी तुम्हीच बोला. आणि खरं बोला."

रविवारी मी मुलीला दुकानात घेऊन गेलो. शटर अर्धंच वर केलं. ती पुढ्यातले छोटे स्क्रू डबीत वेगळे करत बसली. मी विचारलं, "गुडघे का वाकवले?"

एक स्क्रू डबीत टाकून ती म्हणाली, "मला तुमच्यापेक्षा मोठं नाय व्हायचं."

"मोठी तू झालीच आहेस. दिवाळीच्या आधीच झाली होतीस. मी बूट घालून ते लपवलं."

ती स्क्रू निवडत राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचे दोन गोल, ते नऊ महिने, नर्सला तीनदा विचारलं ते. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "मी तुमच्यासारखी झाले असते तर तुम्हाला नको होते?"

असा प्रश्न येईल याची मी तयारी केली नव्हती. आता खोटं बोलणार नाही एवढंच ठरवून आलो होतो.

"हवी होतीस," मी म्हणालो. "पण रोज घाबरलो असतो. तू शाळेत निघालीस की घाबरलो असतो. तू माझ्यासारखी नायस हे कळलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. आनंदानं रडलो. नंतर त्याची लाज पण वाटली."

"लाज कशाची?"

"माझ्यासारखं नाय म्हणून आनंद झाला, याची."

तिला किती कळलं माहीत नाही. ती उठून माझ्याजवळ आली, आणि आम्ही दोघंही उभे असताना तिनं पहिल्यांदाच टाचा उंचावून माझ्या डोक्यावरून पलीकडं, रस्त्याकडं पाहिलं. मी ते होऊ दिलं. ती म्हणाली, "मी वाकले तर मम्मी ओरडते."

"ओरडू दे. बरोबर आहे तिचं. तू उंच झालीस म्हणून मी आणखी लहान होत नाय. मी आहे एवढाच राहतो."

एका रविवारात काही बदललं नाही. खांदे पाडून चालणं दोन-तीन वर्षं टिकलं. पाचवीत ती खो-खोच्या संघात गेली आणि पळताना सरळ झाली, मग हळूहळू चालतानाही. पालक सभेला मीच जावं की मम्मीनं, हे ती ठरवायची. कधी मला न्यायची, कधी नाही. नाही म्हणायची तेव्हा मला लागायचं, पण मी कारण विचारत नसे. सहावीत एकदा वर्गातल्या मुलीनं माझ्या चालण्याची नक्कल केली तेव्हा ही तिच्याशी भांडून आली आणि घरी येऊन माझ्यावरच चिडली. दोन दिवस बोलली नाही. तेही मी समजून घेतलं.

आता ती नववीत आहे. आईएवढी झाली आहे. मागच्या आठवड्यात शाळेतून आल्यावर ती दुकानातच विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली होती. आई-वडलांकडून मुलांकडं काय काय जातं, तो धडा होता. मी एका फोनची बॅटरी बदलत होतो.

"पप्पा," ती म्हणाली, "माझ्या मुलांचं काय?"

मला कळलं ती काय विचारते आहे. डॉक्टरीणबाईंनी ते तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हणालो, "तुझ्यात ते आलंच नाय. त्यामुळं तुझ्याकडून पुढं जात नाय."

"नक्की?"

"नक्की. डॉक्टरांना परत विचारू पाहिजे तर."

ती पुस्तकाकडं बघत राहिली. "म्हणजे तुमच्यानंतर आपल्या घरात तुमच्यासारखं कुणीच नसणार."

"बहुतेक नाय."

"बरं," ती म्हणाली.

तिच्या आवाजावरून मला काही ओळखता आलं नाही. तिला हायसं वाटलं की वाईट वाटलं, हे विचारावं असं मनात आलं होतं. मी विचारलं नाही. तिनं पान उलटलं आणि पुढचा भाग मोठ्यानं वाचायला लागली.