शेळीनं खाल्लेलं तोरण

निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी माझ्या सासरच्या गावात दसऱ्याला कुणी भिंत सारवली नव्हती. गाव सोडून गेलेली माणसं नुकती कुठं आपापल्या घरी परतत होती. पुढच्या वर्षी मी लग्न होऊन त्या गावात आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "औंदा दार सजलं पायजे."

माझे वडील राणीसावरगावच्या माळावर मेंढरं राखायचे. सासरच्यांनी मेंढरं केव्हाच सोडून शेती धरलेली. एकाच अंगणात दोन दारं होती, एक आमचं आणि दुसरं वेगळ्या राहणाऱ्या थोरल्या जावेचं. मला ती 'मेंढक्याची' म्हणायची. नाव घेऊन कधी हाक मारली नाही.

ओढ्याकाठची पांढरी माती आणून मी समोरची भिंत पोतारली, खाली गेरूचा पट्टा ओढला. आंब्याची पानं, झेंडू, ज्वारीची कोवळी कणसं आणि नुकती फुटलेली कापसाची बोंडं ओवून तोरण केलं. दारावर बांधलं आणि पाणी आणायला गेले. परत येते तर जावेची शेळी मागच्या पायांवर उभी राहून तोरण ओरबाडत होती. दाव्याचं टोक जावेच्या हातात होतं.

"आक्का, काय करायलाव?" मी ओरडले.

"मेंढरामागं फिरलेलीचं तोरण शेळीनंच खावं," ती म्हणाली. अंगणात आलेल्या बायका हसल्या. मी घागर उतरवली आणि खाली पडलेली फुलं वेचली. पण त्या दिवशी पोटात जे पेटलं, ते मी वर्षभर विझू दिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात कळलं की जावेच्या लेकीला बघायला पिंगळीचे पाहुणे दसऱ्यालाच येणार आहेत. मी घाई केली. ओढ्याकाठी चांगल्या मातीचा एकच थर होता. तो सगळाच खणून पाटीपाटीनं घरी आणून साठवला. जाऊ गेली तेव्हा तिच्या वाट्याला पिवळट माती उरली. ती भिंतीवर वाळली आणि खरूज झाल्यासारखी पोपडे धरून सुटू लागली. माझी भिंत दुधासारखी झाली. यंदा तोरण दाराएवढंच नाही, सगळ्या ओसरीला फिरवलं. दोन्ही बाजूंना कणसांसकट ज्वारीची ताटं उभी केली. शेळी दिसली की मी हातात काठी घ्यायची.

पाहुणे आले ते सरळ आमच्या ओसरीवर. मुलीचं घर हेच असणार, असं त्यांना वाटलं. मला सगळं समजलं होतं. तरी मी घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं, चहा टाकला. मुलाची आई तोरणावरून हात फिरवत होती.

जाऊ धावत आली. "आगं, हे आमचे पाव्हणे हाईत!"

"मग न्या की आक्का. मी काय दावं लावून बांधलंय?"

मुलाच्या आईनं तिच्याकडं पाहिलं, मग शेजारच्या पोपडे सुटलेल्या भिंतीकडं. "हे तोरण कुनी केलं?" तिनं विचारलं.

मी जावेकडं बघत राहिले. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माझ्या धाकट्या जावंनं," ती शेवटी पुटपुटली.

"लय झ्याक हाय. लगीन जमलं तर मांडव हिच्याच हातानं सजवा."

लग्न जमलं. मग जावेला माझ्याकडं यावंच लागलं. ती घरात आली, तर मी म्हणाले, "इथं नको. इहिरीवर चार बायकांत या आन् तिथं म्हना." ती आली. मान खाली घालून म्हणाली, "मांडव तेवढा सजवून दे." माझं नाव घेऊन म्हणाली. हसलेल्या बायका या वेळी खाली बघत घागरी भरत होत्या.

पोरीचा काही दोष नव्हता, म्हणून मांडव मी मनापासून सजवला. शिडी मात्र जावेलाच धरायला लावली. मी वर चढून सावकाश एकेक फूल बांधत होते, मुद्दाम सावकाश. खाली तिचे हात भरून आले होते. तेव्हा मला जे गार वाटलं, ते अजून आठवतं.

काही वर्षांनी तिनं विचारलं, "तुझी माती भिंतीला इतकी कशी धरती गं? काय घालतीस तीत?"

"काय न्हाई आक्का," मी म्हणाले, "नुसतं पाणी."